पाहण्यासारखे काय आहे?

माझा धाकटा भाऊ गेली तीस वर्षे अमेरिकेत, आयोवा राज्यात राहतो. तेथील पुष्कळ लोकांना असते तशी त्यालाही एक हौस आहे. ओटा, दोन बिछाने आणि न्हाणीघर आतच असलेली मोठी गाडी भाड्याने घ्यायची, चार-सहा दिवसांचा शिधा भरायचा आणि नकाशावर बारीक अक्षरांत छापलेली गावे पाहत हिंडायचे. मोठी शहरे तो मुद्दाम टाळतो. त्याच्याजवळ एक वही आहे. तीत डाव्या रकान्यात गावाचे नाव असते आणि उजव्या रकान्यात तेथे पाहण्यासारखे काय आहे त्याची नोंद. मक्याच्या कणसांनी भिंती सजवलेला दक्षिण डकोटातील मिचेल गावचा ‘कॉर्न पॅलेस’ त्या वहीत आहे. १८९२ मध्ये या गावाने तो प्रथम उभारला. गावात मका पिकतो, एवढ्या भांडवलावर एखादे गाव स्वतःला प्रेक्षणीय ठरवू शकते, याचे मला तेव्हा हसू आले होते.

२००९ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले असता त्याने मला त्या गाडीतून मिसुरी राज्यातील हॅनिबल या गावी नेले. मिसिसिपी नदीच्या काठचे हे लहानसे गाव मार्क ट्वेनच्या बालपणाचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याचे राहते घर १९१२ पासून गावाच्या ताब्यात आहे. घराला लागून पांढऱ्या रंगाचे फळ्यांचे कुंपण आहे आणि टॉम सॉयरने रंगवले ते हेच, असे सांगितले जाते. टॉम ज्या गुहेत हरवला ती गुहा दाखवतात. टेकडीच्या पायथ्याशी टॉम आणि हक यांचा पुतळा आहे. दरवर्षी जुलैच्या आरंभी मुलांची कुंपण रंगवण्याची स्पर्धा होते. १८७६ च्या एका कादंबरीतील न घडलेल्या गोष्टींना एका गावाने खऱ्याखुऱ्या जागा नेमून दिल्या आहेत, आणि त्या जागांवर गाव जगते आहे. साहित्याची शिक्षिका म्हणून मी अर्थातच भारावले. परतताना भावाने सहज विचारले, “ताई, आपल्या पहिल्या कवीचे गाव कुठले गं? तिथे पाहण्यासारखे काय आहे?”

“अंबाजोगाई,” मी म्हणाले. लगेच शिक्षकी सवयीने पुस्ती जोडली, “म्हणजे, तसे मानतात.”

“तू गेली असशील.”

मी गेले नव्हते. प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास तोवर मी वीस-बावीस वर्षे शिकवत होते. मुकुंदराज, ‘विवेकसिंधु’, शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, ज्ञानेश्वरीच्या आधी एकशे दोन वर्षे. हे आकडे मी झोपेतही सांगितले असते. १९८३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईला भरले होते, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. माझ्या मैत्रिणी एस.टी.ने गेल्या आणि मी परीक्षेचे कारण सांगून पुण्यातच राहिले. त्यानंतर कारण सांगण्याची वेळही कोणी आणली नाही. हॅनिबल मात्र मी पाहिले होते.

जाण्याचे आणखी एक कारण होते. ते भावाला मी सांगितले नाही. येथे ते यथावकाश येईलच.

जाणे झाले ते सोळा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये. मी निवृत्त झाले होते आणि भाऊ दिवाळीसाठी आला होता. आता आपल्याकडेही तसल्या गाड्या भाड्याने मिळतात. ट्रॅव्हलरच्या आतील आसने काढून तेथे फळ्यांचे पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली असते. भावाने पुण्यातून अशी गाडी चालकासह ठरवली, नवी वही घेतली आणि डाव्या रकान्यात लिहिले : ‘अंबाजोगाई, जि. बीड’.

आम्ही अहिल्यानगर आणि जामखेडवरून बीड जिल्ह्यात शिरलो. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीच्या खुणा शिवारांवर अजून होत्या. कडेची माती खरवडून गेलेली, कोठे सोयाबीनची काळी पडलेली गंजी. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख शाळेच्या भूगोलापासून मनात बसलेली, तो जिल्हा अतिपावसाने उद्ध्वस्त झालेला पाहणे विचित्र वाटत होते. सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा खोल घळीत कोसळतो. तो त्या दिवशी भरात होता. भावाने त्याची नोंद केली. बीडमध्ये आम्ही पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर पाहिले आणि गावाबाहेरची खजाना विहीर पाहिली. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर भुयारी नळांनी पाणी आणते आणि पुढे शेतांकडे पोहोचवते. विहिरीला खजिना म्हणणाऱ्या मुलखात आपण आलो आहोत, हे भावाला फार आवडले. त्याने उजव्या रकान्यात ‘खजिना = पाणी’ असे लिहिले.

त्या वेळेपर्यंत मला प्रवास बरा वाटत होता. मांजरसुंब्याचा घाट ओलांडून केजच्या रस्त्याला लागलो, तेव्हा समोरून येणारी वाहने एकसारखी दिसू लागली. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या येत होत्या. वर पत्रे, बांबू, चटया, पाण्याच्या घागरी, कोंबड्यांचे खुराडे, बांधलेली शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसे, बाया, डोक्याला फडके गुंडाळलेली लहान मुले. काही टायरगाड्या बैलांसह ट्रकमध्ये चढवलेल्या. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहायचे असते. हे सगळे मला ठाऊक होते, म्हणजे वाचून ठाऊक होते. ग्रामीण साहित्याच्या पेपराला मी त्यावर प्रश्नही काढला होता.

भाऊ काचेतून पाहत होता. “हे सगळे घर घेऊनच निघालेत,” तो म्हणाला. नंतर आमच्या गाडीतील शेगडीकडे त्याची नजर गेली आणि तो गप्प झाला.

अंबाजोगाई हे बालाघाटच्या डोंगररांगेवरचे, जयवंती नदीकाठचे गाव आहे. निजामाच्या काळात त्याचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे घोडदळाची छावणी होती. यादवकाळात याला आंबे म्हणत. स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरी शाळेत शिकवीत असत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पुष्कळ माणसे त्या शाळेत घडली. त्यांचेच नाव आज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर. अंबाजोगाईला अजून ती नाही. ज्याला यायचे असेल त्याने रस्त्याने यावे.

पहिले दर्शन योगेश्वरीचे. कोकणातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. कोकण कोठे आणि बालाघाट कोठे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतले कोणीतरी विचारते. त्याचे उत्तर म्हणून जी कथा सांगतात ती अशी. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करण्यासाठी वऱ्हाडासह निघाली. परळी येथून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. वऱ्हाड येथवर पोहोचले, मुहूर्त टळला, लग्न राहिले आणि वऱ्हाडाचे दगड झाले. ते दगड पाहायचे तर नदीच्या बाजूला खडकात कोरलेल्या लेण्यांकडे जावे. अभ्यासक त्यांना शिवलेणी म्हणतात, जुने लोक जोगाईचा मांडव म्हणतात, आणि गावातला कोणीही हत्तीखाना म्हणतो. मोकळ्या अंगणात खडकातून कोरलेले हत्ती उभे आहेत, मध्ये नंदीचा मंडप आहे, आत खांबांची ओसरी. हत्तींची सोंडे आणि कान झिजले आहेत.

टॉमचे कुंपण आठवून भाऊ म्हणाला, “ही तीच गोष्ट झाली की. आधी गोष्ट, मग जागा.”

मला तसे वाटले नाही. हॅनिबलला गोष्ट आधी होती आणि जागा नंतर नेमली गेली. येथे हत्ती आधी होते. कोणी कोरले, कोणी थांबवले, याची आठवण पुसली गेल्यावर लोकांनी त्या हत्तींना एक कथा दिली, तीही न झालेल्या लग्नाची. एका मुलीचे वऱ्हाड वाटेत अडकले आणि ती परत न जाता तेथेच राहिली. ज्या मुलखात माणसे दरवर्षी बिऱ्हाड घेऊन निघतात, त्या मुलखाची देवीही अशी वाटेवर थांबलेली असावी, यात मला नवल वाटेनासे झाले. हे मात्र माझे वाचन आहे. गावाने ते मला सांगितलेले नाही.

दुपारी आम्ही खोलेश्वराच्या मंदिराकडे गेलो. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. आंबे येथील शिलालेखांनी त्याच्या घराण्याची हकिकत राखून ठेवली आहे. त्याचा मुलगा राम नर्मदेकाठच्या लढाईत मारला गेला. पुढे शके ११६२ मध्ये, म्हणजे १२४० च्या सुमारास, रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे देऊळ बांधल्याचे संस्कृत लेखात नमूद आहे. यादवांच्या राजकीय इतिहासात हा लेख गुजरातच्या स्वाऱ्यांचा पुरावा म्हणून येतो. मीही तो तसाच उद्धृत केलेला आहे. भावाला मी एवढेच सांगितले की भाऊ युद्धात गेला आणि बहिणीने देऊळ बांधले. त्याने थोडा वेळ थांबून विचारले, “बहिणीचे नाव लेखात आहे?” मी म्हटले, “आहे.” त्याने ते वहीत लिहून घेतले. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचे नाव आयोवाकडे निघालेल्या एका वहीत उतरताना मी पाहिले. तो लेख मी इतकी वर्षे केवळ सनावळीसाठी वाचला, याची जाणीव मला तेव्हा झाली.

दासोपंतांच्या बाबतीत आमची चूक झाली. दासोपंत हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. एकनाथांचे ते समकालीन. गावात त्यांची थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशी दोन देवघरे आहेत. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात, आणि त्यांना लिहिण्यासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. त्यांची पासोडी तर मराठी वाङ्मयातले एक आश्चर्यच. सुमारे चाळीस फूट लांब आणि चारेक फूट रुंद अशा जाडाभरड्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचे विवेचन आकृत्यांसह लिहिले. आज वर्गात फळ्यावर जे करतात ते त्यांनी कापडावर केले. गुंडाळता येईल, खांद्यावर टाकून नेता येईल असा तो फळा. आम्ही कोणाला न विचारता, न कळवता ऐन दुपारी गेलो, आणि पासोडी पाहणे झाले नाही. वस्तुसंग्रहालयाला वेळापत्रक असते, तसे घराला नसते, हे आमच्या ध्यानात यायला हवे होते. तीनशे-चारशे वर्षे एक कापड वाळवीपासून, ओलीपासून, लुटीपासून वाचले ते काचेच्या पेटीमुळे नव्हे. कोणाच्या तरी पूर्वजांनी ते देवाजवळ ठेवले, म्हणून वाचले. देवाजवळ ठेवलेल्या वस्तूला पाहुण्याची घाई कळत नाही.

भावाने उजव्या रकान्यात लिहिले : ‘पाहिले नाही.’ हॅनिबलच्या पानावर असे एकही वाक्य नव्हते.

मुकुंदराजांच्या समाधीकडे आम्ही उन्हे उतरल्यावर निघालो. गावाबाहेर रस्ता बालाघाटच्या कडेला येतो आणि खाली दरी उघडते. पावसाने ती अजून हिरवी होती. समाधीचे ठिकाण डोंगराच्या कुशीत आहे. जातानाच मी भावाला जैतपाळ राजाची आख्यायिका सांगितली. या राजाला ब्रह्म पाहायचे होते, पण वेळ नव्हता. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड टाकेपर्यंत जो ब्रह्म दाखवील तोच खरा साधू, अशी त्याची अट होती. ज्यांना जमले नाही त्यांना त्याने कैदेत टाकले. शेवटी मुकुंदराजांनी त्याची समाधी लावून दिली आणि कैदी सुटले. ‘विवेकसिंधु’ हा त्या जैतपाळाच्या निमित्ताने सिद्ध झालेला ग्रंथ मानला जातो.

“म्हणजे जैतपाळ माझ्यासारखाच होता,” वही दाखवून भाऊ म्हणाला. आम्ही दोघेही हसलो. पण ते खरे होते, आणि माझ्याही बाबतीत खरे होते. एका तासिकेत मुकुंदराज, पुढच्या तासिकेत महानुभाव, दिवाळीच्या सुटीपूर्वी ज्ञानेश्वर ‘संपवायचे’, ही विद्यापीठाची रिकीब. तीत पाय ठेवून मी चौतीस वर्षे ब्रह्म दाखवत आले होते.

आता ते दुसरे कारण.

१९९६ मधली गोष्ट. पुण्याच्या महाविद्यालयात पदवीच्या वर्गाला मी मुकुंदराज शिकवत होते. त्यांचा काळ आणि स्थळ हे दोन्ही वादग्रस्त आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. ग्रंथातील शकाच्या ओवीवर काहींनी शंका घेतली आणि मुकुंदराजांना ज्ञानेश्वरांनंतरचे ठरवले. ग्रंथात अंबानगरीचा उल्लेख आहे आणि त्यासोबत एका गंगेचाही आहे. ती वैनगंगा मानणारे नागपूर-भंडाऱ्याकडील अंभोऱ्याकडे बोट दाखवतात. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी फळ्यावर दोन रकाने आखून मांडत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बीड जिल्ह्यातला होता आणि वसतिगृहात राहत होता, एवढेच मला माहीत होते. तो म्हणाला, “मॅडम, समाधी आमच्याकडं हाये. आम्ही जातो की दर वर्षी.”

वर्ग हसला. माझ्या मते त्या हसण्यात ‘हाये’ला हसणे अधिक होते. मी हसले नाही, परंतु त्याला जे उत्तर दिले ते हसण्याहून बरे नव्हते. “समाधी असणे हा ऐतिहासिक पुरावा नव्हे. श्रद्धा आणि संशोधन यांत गल्लत करू नये.” तो बसला. वाक्य बिनचूक होते. आजही कोणी विचारले तर संशोधनाच्या पातळीवर मी तेच सांगेन. पण त्या मुलाने संशोधनाचा दावा केलाच नव्हता. फळ्यावर ज्या गावाचे नाव मी खडूने लिहिले होते, त्या गावाकडून कोणीतरी या वर्गात बसले आहे, एवढेच तो सांगत होता. मी त्याला विचारू शकले असते, जाता म्हणजे काय करता? तेथे काय म्हणतात? कोणत्या ओव्या म्हणतात? त्या वर्गात हे सांगू शकणारा तो एकटाच होता. मी विचारले नाही. तो पुन्हा वर्गात काही बोलला नाही. दिवाळीची सुटी संपली आणि तो परत आला नाही. कोणीतरी म्हणाले, घरचे ऊसतोडीला गेले, उचल घेतली होती, हात कमी पडत होते. मी हजेरीपटावर त्याच्या नावावर रेघ मारली.

समाधीपाशी त्या संध्याकाळी गर्दी नव्हती. एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. ते ओव्या म्हणत होते, पोथीवाचून, अधूनमधून थांबून, विसरल्यासारखे आणि पुन्हा आठवल्यासारखे. मी जवळ बसले. ओव्या ‘विवेकसिंधू’तल्या होत्या. मी त्या आयुष्यभर डोळ्यांनी वाचल्या होत्या. चालीवर म्हटलेल्या मी प्रथमच ऐकत होते. चालीवर त्यांतल्या तर्कशास्त्राचे काठिण्य कमी होत नव्हते, पण ते कोणाला तरी समजावून सांगण्यासाठी आहे, हे कळत होते. गुरू शिष्याशी बोलतो आहे आणि शिष्य समोर बसला आहे. हा मराठीतला पहिला वर्ग म्हणायला हरकत नाही.

भावाला राहवले नाही. त्याने म्हाताऱ्यांना विचारले, “बाबा, विदर्भातले लोक म्हणतात ते तिकडचे. तुम्हाला काय वाटते?”

म्हाताऱ्यांनी रागावण्यासारखे काही ऐकले असे दिसले नाही. “तिकडं बी असतील,” ते म्हणाले. “इथं तर हायेत.”

हे उत्तर संशोधनाला पुरेसे नाही. मीही त्यापुढे संशोधन सोडून दिलेले नाही. अंभोऱ्याचा दावा मला आजही विचारार्ह वाटतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर तर जुन्या ग्रंथांच्या कालनिश्चितीत आळस करणे आपल्याला अधिकच महाग पडेल. परंतु ते ‘हायेत’ ऐकताना माझ्या पाठीत काहीतरी हलले. क्रियापद वर्तमानकाळी होते. मागच्या बाकावरच्या मुलानेही वर्तमानकाळच वापरला होता. भूतकाळ मीच शिकवत होते.

त्या रात्री आम्ही गावाबाहेर, एका ढाब्याच्या मोकळ्या आवारात गाडी लावली. थोड्याच वेळाने दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. ट्रॉल्यांतून माणसे उतरली. तीन दगडांची चूल मांडली गेली, भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. आमच्या गाडीत दिवा होता, दार उघडे होते आणि मी शेगडीवर खिचडी टाकली होती. एक तरुण बाई लेकराला कडेवर घेऊन दाराशी आली आणि आत डोकावून सगळे नीट पाहून घेतले. ओटा, पलंग, पाण्याचा नळ. मग तिने विचारले :

“तुम्ही कंच्या कारखान्याला चाललाव?”

ती चेष्टा करत होती का? कदाचित. तिच्या डोळ्यांत हसू होते. पण प्रश्न सरळ होता. बिऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाला या मुलखात विचारायचा तोच प्रश्न आहे. मी म्हटले, “कारखान्याला नाही. देऊळ, समाधी पाहायला आलो होतो.”

“आमच्या गावाला?” तिला खरोखरीच नवल वाटले. “काय पाह्यलं मग?”

मी एकेक सांगत गेले. योगेश्वरी, हत्तीखाना, खोलेश्वर, मुकुंदराज. ती मान डोलवत होती. योगेश्वरीला निघताना हात जोडून आलो, म्हणाली. मार्गशीर्षातल्या नवरात्राला मात्र आम्ही कधीच नसतो, फडावर असतो. सहा महिने गाव आम्ही बघत नाही, आणि आमचे गाव बघायला लोक पुण्याहून येतात. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. लेकराला आतला दिवा दाखवला. मी तिला बसायला सांगितले. ती पायरीवर बसली, आत आली नाही. थोड्या वेळाने भाकरी करपेल म्हणून उठून गेली.

भाऊ त्या रात्री बराच वेळ जागा होता. हॅनिबलमधील एक गोष्ट त्याने मला तेव्हा सांगितली. आम्ही २००९ मध्ये जे पाहिले त्यात टॉम होता, हक होता, कुंपण होते. ज्या गुलाम माणसाच्या सुटकेभोवती हक फिनची सगळी कथा फिरते, त्या जिमची आणि गावातल्या त्याच्यासारख्यांची अशी वेगळी जागा मात्र कोठे नव्हती. २०१३ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे एक छोटे संग्रहालय जिमच्या नावाने सुरू झाले. भाऊ नंतर ते पाहून आला होता. “आपण गेलो तेव्हा मला ते नाही हे लक्षातच आले नव्हते,” तो म्हणाला. “सगळे पाहून झाले असे वाटले होते.”

पहाटे जाग आली तेव्हा ट्रॅक्टर निघून गेले होते. चुलीच्या तीन दगडांत राख होती. भावाने वही काढली आणि उजव्या रकान्यात काय लिहू, असे विचारले. आधीच्या नोंदी होत्याच. मी म्हटले, “लिही, गाव अर्धे रिकामे होते. हंगाम संपल्यावर यावे.” त्याने तसेच लिहिले. सगळी माणसे गावात असताना, मार्च-एप्रिलात, पट्टा पडल्यावर, आगाऊ कळवून यावे आणि पासोडीही पाहावी, असे आमचे ठरले आहे.

पुण्याला आल्यावर मी माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या. मुकुंदराजांच्या पानावर माझ्याच अक्षरांत लिहिलेले आहे : ‘स्थळ : वादग्रस्त. (१) अंभोरा. (२) अंबाजोगाई.’ दुसऱ्या नोंदीपुढे मी पेनाने एक ओळ वाढवली : ‘समाधी आमच्याकडं हाये, दर वर्षी जातो. — पदवीचा एक विद्यार्थी, १९९६.’ आधार देताना नाव लिहावे, असा दंडक मी स्वतः विद्यार्थ्यांना घालून देत असे. मी बराच वेळ आठवून पाहिले. मला त्याचे नाव आठवत नाही.